विश्वासात टिकून राहणं कठीण जातं तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोकांनी विचारलेले आहेत. कुणी पत्रातून, कुणी मध्यरात्री पाठवलेल्या चार ओळींतून, कुणी उपासना संपल्यावर सगळे पांगेपर्यंत दाराशी थांबून. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. मी पाळक किंवा धर्मगुरू नाही, मंडळीतला एक सभासद आहे. भाऊ गेल्यानंतर मी दोन वर्षं अशी काढली की गीतांचं पुस्तक हातात असायचं आणि ओठ हलत नसत. पुढची उत्तरं त्या दोन वर्षांतून आणि नंतर ज्यांच्यासोबत बसलो त्यांच्याकडून आलेली आहेत.

१. मनात सारख्या शंका येतात. म्हणजे माझा विश्वास गेला का?

नाही. विश्वास खरोखर गेला असता तर या प्रश्नाने झोप उडाली नसती. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: माझा विश्वास आहे, आणि माझा अविश्वास दूर करा. येशूने त्याला ‘आधी शंका मिटवून ये’ म्हणून परत पाठवलं नाही. मुलाला बरं केलं. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात तर मरणातून उठलेला येशू समोर उभा आहे, शिष्य त्याला नमन करत आहेत आणि तरीही त्यांच्यातल्या काहींना संशय वाटला. हे वाक्य वगळणं सोपं होतं, पण ते वगळलेलं नाही. पुढचं सगळं काम येशूने त्याच माणसांवर सोपवलं.

शंका कुठून येते हे मात्र पाहा. ती वाचनातून आली असेल तर प्रश्न २, आतल्या कोरडेपणातून आली असेल तर प्रश्न ३ आणि कुणाच्या मृत्यूनंतर आली असेल तर प्रश्न ६ वाचा. तिन्हींना एकच औषध चालत नाही.

२. विज्ञान शिकले, इतिहास वाचला आणि बायबलबद्दल प्रश्न पडू लागले. विचारायची भीती वाटते.

विचारा. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीनने बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना विश्वासणाऱ्यांना बजावलं होतं, की आकाश, तारे, ऋतू यांविषयी जाणकार माणसासमोर पवित्र शास्त्राच्या नावाने काहीतरी अडाणी बोलू नका, त्याने पवित्र शास्त्राचीच अप्रतिष्ठा होते. विश्व प्रसरण पावतं आहे हे १९२७ साली मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. विचार करणं आणि विश्वास ठेवणं ही दोन वेगळ्या घरची कामं आहेत असं ज्यांनी मानलं नाही, त्यांची परंपरा मोठी आहे.

प्रश्न कागदावर नेमका लिहून काढा. ‘सगळंच खोटं वाटतं’ याला उत्तर देता येत नाही, ‘चार शुभवर्तमानांत पुनरुत्थानाच्या सकाळचे तपशील वेगळे का’ याला देता येतं. मग त्या विषयावरचं चांगलं लिखाण वाचा, दोन्ही बाजूंचं. मंडळीत कुणी ‘असले प्रश्न विचारायचे नसतात’ म्हणालं तर दुसऱ्या कुणाकडे जा.

येशू उठला हे न मानणाऱ्या थोमा या शिष्याच्या गोष्टीतली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही’ असं तो म्हणाला, आणि आठ दिवसांनी येशू पुन्हा आला तेव्हा थोमा त्याच खोलीत, त्याच मित्रांबरोबर होता. त्यांनी त्याला हाकललं नव्हतं आणि तोही उठून गेला नव्हता.

३. प्रार्थनेला बसतो, पण काहीच वाटत नाही. पूर्वी डोळे भरून यायचे. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच चुकलेलं नाही. मदर तेरेसा यांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवतच नव्हती. मधे थोडाच काळ दिलासा मिळाला, बाकी अंधार. आणि त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या, आजाऱ्यांकडे जात होत्या. काहींनी याला ढोंग म्हटलं. मला त्यात निष्ठा दिसते. भावना सोबत असताना चालणं सोपंच असतं.

सोळाव्या शतकात स्पेनमधल्या क्रूसभक्त योहान (जॉन ऑफ द क्रॉस) या संन्याशाने या अवस्थेला ‘काळोखी रात्र’ म्हटलं आणि ती ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या. एक, देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण इतर कशातही वाटत नाही. दोन, आपण देवापासून मागे पडतो आहोत याची मनाला टोचणी असते. तीन, पूर्वीसारखं मनन करायचा प्रयत्न केला तरी जमत नाही. देवाची गोडी गेली आणि त्या जागी दुसऱ्याच कशाची लागली, तर तो निष्काळजीपणा, त्यावर उपाय वेगळा. तीनही खुणा असतील तर स्वतःवर जबरदस्ती न करता शांत बसून राहावं, असा त्याचा सल्ला आहे. शरीरमनाच्या उदासपणानेही असंच वाटू शकतं हे तोही जाणून होता, म्हणून प्रश्न १२ नक्की वाचा.

प्रार्थनेची वेळ मोडू नका, कमी करा. अर्ध्या तासाची पाच मिनिटं झाली तरी चालतील. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी पाच मिनिटं.

४. बसते, पण शब्दच येत नाहीत. मग म्हणायचं काय?

दुसऱ्यांचे शब्द घ्या. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत, ती याचसाठी. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर आशेच्या ओळीवर संपतसुद्धा नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे. येशूने वधस्तंभावर स्वतःचे नवे शब्द जुळवले नाहीत, बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’

तीही जड वाटली तर प्रभूची प्रार्थना संथपणे एकदा म्हणा. तीही नको वाटली तर नुसत्या बसा. शब्द सापडत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनवणी करतो असं पौलाने रोमकरांस लिहिलं आहे (८:२६). कण्हणं हीसुद्धा प्रार्थना आहे, यापेक्षा सरळ मला सांगता येत नाही.

५. देवावर रागावलं तर पाप लागतं का?

ईयोबाने देवाला न्यायासनासमोर ओढण्याची भाषा केली. त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन लांबलचक भाषणं केली. शेवटी देव मित्रांवर संतापला आणि म्हणाला, की माझ्याविषयी ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. यिर्मयाने तर ‘तू मला फसवलंस’ असं देवाला तोंडावर सुनावलं.

मग इस्राएल लोक रानात कुरकुरले तेव्हा त्यांना दोष का लागला? अनुवाद १:२७ पाहा. ते आपापल्या तंबूंत बसून कुरकुरले. ईयोब आणि यिर्मया देवाशी बोलत होते, हे लोक त्याच्या माघारी त्याच्याबद्दल बोलत होते. घरात भांडण होतं तोवर नातं जिवंत असतं, बोलणं थांबलं की काळजी करायची. तुमचा राग आहे तसा, न सजवता, त्याच्यासमोर नेऊन ठेवा. शिवी आली तर शिवीसकट.

६. आम्ही उपास केले, अख्खी मंडळी प्रार्थना करत होती, तरी माणूस गेला. कुणीतरी म्हणालं, ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ खरंच?

खोटं आहे. हे वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढं उत्तर मिळालं. त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी अवस्थेत मागे ठेवलं. तीमथ्याचं पोट वारंवार बिघडायचं, त्याला पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास वाढव असं नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांचा म्हणून ओळखला जातो. त्यात काहींनी सिंहांची तोंडं बंद केली आणि काही करवतीने चिरले गेले. दोघांच्याही विश्वासाला तिथे सारखीच साक्ष दिली आहे. आणि गेथशेमाने बागेत स्वतः येशूने प्याला टळावा म्हणून मागितलं. टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कोण धजेल?

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती का, या विचाराला येशूने स्पष्ट ‘नाही’ म्हटलं (लूक १३). जन्मांधाच्या बाबतीतही ‘कुणाचं पाप’ हा हिशेब त्याने झटकून टाकला. दुःखाचं कारण रडणाऱ्याच्याच पदरात टाकण्याची सवय फार जुनी आहे. ईयोबाच्या मित्रांनी एकच काम बरं केलं: पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले.

‘मग का झालं?’ याचं उत्तर मी देणार नाही, ते शास्त्रही ईयोबाला देत नाही. लाजराला आता उठवायचंच आहे हे माहीत असूनही येशू त्याच्या थडग्यापाशी रडला. मी दोन वर्षं त्या एका ओळीवर राहिलो. ज्यांनी ते वाक्य ऐकवलं त्यांना आज उत्तर द्यायची गरज नाही. त्यांच्यापासून काही काळ लांब राहिलात तरी चालेल.

७. मंडळीतल्याच लोकांनी दुखावलं. आता तिथे पाऊल ठेवावंसं वाटत नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू.

टोमणा, दुर्लक्ष, गटबाजी, पैशावरून झालेला वाद हे पहिल्या शतकापासून चालत आलं आहे. करिंथच्या मंडळीत तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा मद्याने धुंद असायचा. पौलाने त्यांना खडसावलं आणि तरी ‘देवाची मंडळी’ म्हटलं. अशा दुखण्यासाठी मत्तय १८ ची वाट आहे: आधी एकट्याने जाऊन बोला, मग दोघातिघांना घेऊन, मग मंडळीपुढे. याने काही वेळा खरोखर तोडगा निघतो, अनेकदा निघत नाही.

अत्याचार, लैंगिक शोषण, मारहाण, धमकावून पैसे काढणं ही दुसरी गोष्ट. इथे मत्तय १८ दाखवून पीडिताला अत्याचार करणाऱ्याच्या खोलीत पुन्हा पाठवणं म्हणजे त्या वचनाचा गैरवापर. तिथून बाहेर पडा, पोलिसांकडे जा, विश्वासातल्या माणसाला सोबत घ्या. ‘मंडळीची बदनामी होईल’ हे कारण चालणार नाही. कळपाला खाऊन स्वतः पुष्ट होणाऱ्या मेंढपाळांविरुद्ध यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय वाचा, देव कुणाच्या बाजूला उभा आहे ते कळेल. क्षमेची घाई कुणी करत असेल तर थांबवा. क्षमा केली तरी तक्रार मागे घ्यावी लागत नाही, आणि जवळीक पूर्ववत करावी लागत नाही.

ती मंडळी सोडली म्हणजे ख्रिस्त सोडला असं होत नाही. प्रश्न ३ मधल्या क्रूसभक्त योहानाला त्याच्याच संघातल्या बंधूंनी १५७७ च्या डिसेंबरात तोलेदोमध्ये एका कोंदट खोलीत डांबलं होतं. १५७८ च्या ऑगस्टमध्ये तो तिथून निसटला. पळून गेला, आणि विश्वासात राहिला. मात्र कायमचं एकटं राहू नका. एक लहानसा गट, दोन घरं, एखादी दुसरी मंडळी शोधा. वेळ लागला तर लागू दे.

८. घरात मी एकटीच विश्वासणारी आहे. नवऱ्याला पटत नाही, रोज वाद होतो.

वाद थांबवा. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात अशाच पत्नींना लिहितो, की नवरे वचनावाचून, तुमच्या वागण्यावरून जिंकले जातील. तीमथ्याची आई युनीके यहूदी विश्वासणारी आणि बाप हेल्लेणी होता. तीमथ्याचा विश्वास आजी लोईस आणि आई यांच्याकडून आला असं पौल लिहितो. म्हणजे अशा घरातही दिवा लागतो, फक्त आवाज न करता.

प्रार्थनेसाठी घरातली सगळ्यांची गैरसोय न होणारी वेळ निवडा. नवऱ्याच्या आवडीच्या गोष्टींतून अंग काढून घेऊ नका. त्याने हात उचलला तर हा विश्वासातल्या मतभेदाचा विषय राहत नाही, प्रश्न ७ चा दुसरा भाग लागू होतो.

९. विश्वास उघड केला तर नोकरी जाईल, कदाचित जिवावरही बेतेल. लपवलं किंवा पळून गेलं तर ते पाप आहे का?

पळून जाणं पाप नाही. ‘एका गावात छळ करतील तेव्हा दुसऱ्यात पळून जा’ हे येशूचेच शब्द आहेत (मत्तय १०:२३). पौल दिमिष्कातून रात्री पाटीत बसून तटावरून खाली उतरला. स्मुर्ण्याचा पॉलिकार्प आधी शेतावर, मग दुसऱ्या शेतावर जाऊन राहिला होता. तिथे पकडला गेल्यावर मात्र, शहाऐंशी वर्षं ज्याची सेवा केली त्या माझ्या राजाची, ख्रिस्ताची, निंदा कशी करू, असं म्हणाला. कार्थेजचा सिप्रियन इ. स. २५० च्या छळात लपला, त्यावरून बोलणीही खाल्ली, आणि २५८ मध्ये त्याच विश्वासासाठी शिरच्छेदाला सामोरा गेला.

गप्प राहणं आणि नाकारणं यांत अंतर आहे. अरिमथाईकर योसेफ भीतीपोटी गुप्त शिष्य होता, आणि बाकीचे पांगले तेव्हा पिलाताकडे येशूचं शरीर मागायला तोच गेला. कुठे बोलायचं हे तुमची परिस्थिती, तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं आणि तुमचा विवेक पाहून ठरेल. सुरक्षित जागी बसलेल्या माणसाने दुसऱ्याला धैर्याचे धडे देऊ नयेत, म्हणून यापुढे मी काही सांगत नाही.

१०. दबावाखाली मी ‘ख्रिस्ताला मानत नाही’ असं बोललो, कागदावर सहीही केली. आता परतीची वाट आहे का?

आहे. पेत्राने तीनदा नाकारलं तेव्हा तो अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू किनाऱ्यावर न्याहारी तयार करतो, तिथेही कोळशाचाच विस्तव आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द येतो. त्याच वासात येशूने त्याला तीनदा विचारलं, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ खुलासा मागितला नाही, आणि तीनदा मेंढरं सोपवली.

सहीचा प्रश्नही नवा नाही. सम्राट देकियसच्या हुकमाने २५० मध्ये प्रत्येकाला रोमी देवांना यज्ञ करून तसा दाखला घ्यावा लागला. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. असंख्य ख्रिस्ती माणसांनी यज्ञ केले, काहींनी यज्ञ न करता दाखला नुसता विकत घेतला. छळ ओसरल्यावर यांना परत घ्यायचं का यावरून मंडळी दुभंगली. नोवातियनचा गट म्हणाला, कधीच नाही. मंडळीने ते मत नाकारलं. ३२५ च्या नीकिया परिषदेने तर बळजबरी नसताना विश्वास सोडलेल्यांसाठीही बारा वर्षांच्या पश्चात्तापाची वाट आखली, आणि मरणाच्या दारात असलेल्याला प्रभुभोजन नाकारू नये असं ठरवलं.

इब्री ६ मधल्या ‘पुन्हा पश्चात्ताप करवणं अशक्य’ या ओळीची बहुतेकांना धास्ती असते. पश्चात्तापाने रडत दार ठोठावणाऱ्याला हाकलण्यासाठी ती ओळ नाही. तुम्ही ठोठावत आहात. आपल्या पाळकाला किंवा धर्मगुरूला एकांतात सगळं सांगा आणि ते सुचवतील त्या रीतीने परत या.

११. तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. आता क्षमा मागायची लाज वाटते.

नीतिसूत्रांत सात वेळा पडून उठणाऱ्याला नीतिमानच म्हटलं आहे. लाजेने लपू नका, एका विश्वासू माणसाला सांगा. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलं आहे, आणि कॅथलिक असाल तर पापनिवेदनाचा संस्कार त्यासाठीच आहे. दारू, जुगार किंवा अश्लील चित्रफितींची लत असेल तर पश्चात्तापासोबत उपचारही लागतील.

१२. हा विश्वासाचा प्रश्न आहे की नैराश्याचा, कसं ओळखू?

दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल किंवा कशातच रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, साधी कामं डोंगराएवढी वाटत असतील, स्वतःबद्दल ‘मी निरुपयोगी आहे’ असंच वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पौलाचा सोबती लूक वैद्य होता.

एलीया रानात झुडुपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे १९). देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाशी बोलणं होरेबावर झालं, चाळीस दिवस चालून गेल्यावर.

जीव द्यावासा वाटत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा. जवळच्या माणसाला आत्ता, याच शब्दांत सांगा, एकटे राहू नका, आणि आपल्या भागातल्या आपत्कालीन सेवेला किंवा रुग्णालयाला फोन करा.

१३. माझ्या मुलाने विश्वास सोडला. काय सांगू त्याला?

फार सांगू नका, ऐका. तो का गेला हे खरोखर विचारा आणि उत्तर कडू असलं तरी मधे तोडू नका. कदाचित प्रश्न ७ मधलं काहीतरी निघेल. प्रश्न २ मधल्या ऑगस्टीनची आई मोनिका मुलासाठी कित्येक वर्षं रडत राहिली. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ च्या पुनरुत्थान सणाला मिलानमध्ये झाला आणि त्याच वर्षी ती वारली. उधळ्या पुत्राचा बाप मुलाच्या मागे दूरदेशी गेला नाही. पण मुलगा दूर असतानाच त्याला दिसला, म्हणजे वाटेकडे डोळे होते. घरातली त्याची जागा तशीच ठेवा, आणि जेवायला बोलावताना सोबत प्रवचन ठेवू नका.

१४. खरं सांगायचं तर आता अंगात त्राण नाही. कमीत कमी काय केलं तर पुरे?

दिवसाला एक स्तोत्र, मोठ्याने वाचून. तेरावं सहाच ओव्यांचं आहे, मिनिटभरात होतं. आठवड्यातून एकदा उपासनेत किंवा मिस्सेत मागच्या रांगेत बसा. गाणं गायलाच हवं असं नाही. आणि एकाच माणसाला सांगून ठेवा, की सध्या माझ्याच्याने प्रार्थना होत नाही, माझ्यासाठी तू कर.

शेवटचं सगळ्यात जड जातं, म्हणून मार्कचा दुसरा अध्याय आठवा. चौघांनी पक्षाघात झालेल्या मित्राला बाजेवर घालून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा छप्पर उसकटलं आणि त्याला खाली सोडलं. येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्या माणसाशी बोलायला सुरुवात केली. बाजेवरच्या माणसाने तोवर एक शब्दही उच्चारल्याचं लिहिलेलं नाही. तुमची बाज उचलणारे कोण, त्यांची नावं आज कागदावर लिहा आणि पहिल्या नावाला फोन करा.